आधी दचकले की आधी कळलं? (आणि मग नवऱ्यावर का घसरले?)

ओटीवरची
नमस्कार मंडळी. चार दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढतेय. मागच्या आठवड्यात गुहागरजवळ सासरी होतो. तिन्हीसांजेची वेळ, लाईट गेलेले, मी मागच्या दारी विहिरीपाशी वाळत घातलेले कपडे आणायला गेले आणि परत येताना पायाशी फुरसं! म्हणजे फुरसं नव्हतंच, नवऱ्याने आगराला पाणी लावून झाल्यावर पाईप तसाच वाटेत टाकला होता. पण ते कळायच्या आत मी दोन हात मागे उडाले होते आणि सगळे धुतलेले कपडे चिखलात. बरं पाईप आहे हे कळलं, अगदी हातात धरून बघितला, तरी छाती धडधडतेच आहे, पाय लटपटतायत. आणि मग घरात येऊन मी नवऱ्याला जे काही बोलले ते ऐकायला सासूबाईंनी जप थांबवला. पाईपावरून सुरू झालेलं भांडण २०१६ मध्ये त्याने भरायचं विसरलेल्या गॅसच्या बिलापर्यंत गेलं.

तर प्रश्न असा, की भीती आधी वाटली की "साप" हा विचार आधी आला? विचारामुळे भीती वाटली म्हणावं तर तो विचार चुकीचा निघाल्यावर भीतीने लगेच जायला हवं होतं ना? ती गेली नाही ती नाहीच, वर तिचा राग कसा काय झाला?

निवांत_बसलोय
पाईप पाऊण इंची की एक इंची?

अक्काबाईचा_फेरा
हसून हसून पुरेवाट. गॅसचं बिल!! ताई, २०१६ म्हणजे तुम्ही तशा दयाळूच, आमच्याकडे गाडी थेट लग्नातल्या मानपानापर्यंत जाते.

करवंदाची_जाळी
एक तांत्रिक शंका. फुरसं वीतभर, फार तर हातभर असतं. वाटेत आडवा पडलेला पाईप फुरशासारखा दिसेलच कसा? धामण म्हणा, घोणस म्हणा. आमच्याकडे लोक दिसेल त्याला फुरसं म्हणतात आणि बिचाऱ्या कवड्यालाही झोडपतात.

ओटीवरची
@करवंदाची_जाळी, उडी मारताना मोजपट्टी नव्हती हो जवळ.

खडूफळा
ताई, तुमचा प्रश्न पुष्कळ जुना आहे. मी कॉलेजात बरीच वर्षं मानसशास्त्र शिकवलं, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

१८८४ साली अमेरिकेत विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने एक उलटंच विधान केलं. आपण समजतो अस्वल दिसलं, भीती वाटली, म्हणून पळालो. तो म्हणाला क्रम चुकतोय. अस्वल दिसतं, शरीर पळायला लागतं, छाती धडधडते, आणि शरीरातल्या या उलथापालथीची जी जाणीव होते तिलाच आपण भीती म्हणतो. डेन्मार्कच्या कार्ल लांगे नावाच्या डॉक्टरने दुसऱ्याच वर्षी स्वतंत्रपणे जवळपास हेच मांडलं, म्हणून दोघांच्या नावाने हा सिद्धांत ओळखतात. तुमची उडी जेम्सला फार आवडली असती.

पण १९२७ मध्ये वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने याच्यावर चांगलीच झोड उठवली. त्याचं म्हणणं, रागात छाती धडधडते, भीतीत धडधडते, जिना चढलं तरी धडधडते. मग नुसत्या धडधडीवरून राग कुठला आणि भीती कुठली हे कळणार कसं? शिवाय आतडी, जठर वगैरे मंडळी तशी आळशी, त्यांच्यात बदल व्हायला वेळ लागतो, भावना तर त्याआधीच येऊन ठेपलेली असते. त्याच्या हाताशी स्पेनच्या ग्रेगोरिओ मारान्योन या डॉक्टरचं कामही होतं. त्याने १९२४ मध्ये २१० पेशंटना अॅड्रिनलिन (घाबरल्यावर शरीरात सुटतं ते संप्रेरक) टोचून विचारलं, काय होतंय? सुमारे सत्तर टक्के लोक म्हणाले धडधडतंय, हात थरथरतायत, बस. उरलेल्यांतले बरेचसे म्हणाले, "भीती वाटल्यासारखं" होतंय पण भीती अशी नाही वाटत. हे "सारखं" फार महत्त्वाचं आहे. शरीर पेटलंय पण कशासाठी ते ठाऊक नाही, म्हणून भावना अर्धवटच राहते.

बाकी उद्या लिहितो, डोळ्यांत ड्रॉप्स घालायची वेळ झाली.

निवांत_बसलोय
सर, म्हणजे जेम्सच्या हिशोबाने मी रडतो म्हणून मला दुःख होतं? काल कांदे चिरून चिरून मी देवदास झालो असणार मग.

कॅपिलानोकर
मी व्हँकुव्हरला राहते त्यामुळे मला आता गप्प बसवणार नाही. इथे कॅपिलानोचा झुलता पूल आहे, साधारण १४० मीटर लांब आणि खाली ७० मीटरवर नदी. तिकीट भलतंच महाग, पण भारतातून पाहुणे आले की नेावंच लागतं. १९७४ साली डटन आणि आरन या दोन मानसशास्त्रज्ञांनी या पुलावर एक प्रयोग केला होता. पूल ओलांडणाऱ्या एकट्यादुकट्या पुरुषांना एक देखणी मुलगी थांबवायची, एका चित्रावरून गोष्ट लिहून घ्यायची आणि म्हणायची, अभ्यासाबद्दल अजून काही विचारायचं असेल तर हा माझा फोन नंबर. नदीच्या वरच्या अंगाला एक भक्कम, कमी उंचीचा लाकडी पूल होता, तिथेही हेच. झुलत्या पुलावर नंबर घेतलेल्या १८ जणांपैकी ९ जणांनी फोन केला, लाकडी पुलावरच्या १६ जणांपैकी फक्त दोघांनी. म्हणजे धडधड पुलामुळे, आणि श्रेय मिळालं मुलीला!

आमचे हे पहिल्यांदा पुलावर गेले तेव्हा दोन्ही हातांनी दोर धरून डोळे मिटून उभे होते. मी शेजारीच होते, पण माझ्या वाट्याला श्रेय काही आलं नाही.

अक्काबाईचा_फेरा
@कॅपिलानोकर, डोळे मिटल्यावर तुम्ही दिसणार कशा?

कॅपिलानोकर
:))

वरती "न्यावंच" असं वाचा, फोनवरून टाईप करतेय.

शंकासुर
हे पूल वगैरे ऐकायला झकास असतं पण जरा सबूर. झुलत्या पुलावर जाणारे लोक मुळातच धाडसी नसतील कशावरून? धाडसी माणूस अनोळखी मुलीला फोनही लवकर करणार. (त्या दोघांना ही शंका आली होती म्हणा, आधी पूल ओलांडून बागेत निवांत बसलेल्यांनाही त्यांनी विचारून बघितलं.) पण १८ आणि १६ माणसांवर किती माड्या चढवायच्या? आणि याच्यामागचा मूळ प्रयोग, शॅक्टर-सिंगरचा १९६२ चा, त्याचीही १९७९ मध्ये दोन ठिकाणी फेरतपासणी झाली तेव्हा निकाल तसे आले नाहीत. आता सर तोच प्रयोग घेऊन येणार, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

खडूफळा
घेऊनच आलोय. शंकासुरांनी माझी हवाच काढली, पण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शॅक्टर आणि सिंगरने विद्यार्थ्यांना "नवीन जीवनसत्त्व आहे, नजरेवर काय परिणाम होतो बघू" असं सांगून अॅड्रिनलिन टोचलं. काहींना खरं सांगितलं की धडधड होईल, काहींना काहीच सांगितलं नाही. मग खोलीत आपला एक माणूस सोडला. एका गटात तो माणूस कागदाची विमानं उडवत धिंगाणा घालायचा, दुसऱ्या गटात एका आगाऊ प्रश्नावलीवर भडकत जायचा. ज्यांना धडधडीचं कारण माहीत नव्हतं ते या माणसाच्या मूडकडे जास्त ओढले गेले, असा त्यांचा दावा. सूत्र असं, की शरीर पेटतं आणि डोकं आजूबाजूला बघून त्याला नाव देतं. आकडे तेव्हाही फार जोरदार नव्हते, शंकासुर म्हणतात ते खरंच आहे.

पण ताईंच्या पाईपाला याहून जवळचं काम झिलमन नावाच्या माणसाचं आहे. १९७२ चा त्याचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा प्रयोग. लोकांना आधी कोणीतरी डिवचलं, मग काहींना सायकल मारायला लावून दमवलं, काहींना बसवून ठेवलं. नंतर डिवचणाऱ्याला विजेचा झटका द्यायची संधी दिली, तेव्हा सायकलवाल्यांनी जास्त जोराचे झटके दिले. एका गोष्टीने शरीर तापतं ते बटण दाबल्यासारखं गार होत नाही, रक्तात जे मिसळलंय ते ओसरायला वेळ लागतो. तेवढ्यात दुसरं कारण समोर आलं की उरलेली आच त्याला मिळते.

तुमच्या धडधडीतली पहिली दहा मिनिटं सापाची होती, ती तुमच्या मिस्टरांच्या खात्यात जमा झाली.

ओटीवरची
सर दंडवत! "मिस्टरांच्या खात्यात जमा" हे घरी वाचून दाखवलं. नवरा म्हणतो, मग व्याज कोण देणार.

करवंदाची_जाळी
माझ्या फुरशाच्या शंकेला कोणी किंमत दिली नाही पण माझा मुद्दा तोच आहे हो! ताईंनी "फुरसं बघितलं" असं लिहिलं. जे तिथे होतं ते फुरशासारखं दिसतच नव्हतं. म्हणजे उडी मारताना त्यांच्या डोक्यात फुरसं नव्हतं, फार तर "लांबडं काहीतरी" होतं. फुरसं हे नाव नंतर चिकटवलेलं आहे आणि आता आठवताना त्यांना वाटतंय की त्यांनी फुरसंच बघितलं.

शंकासुर
@करवंदाची_जाळी, या धाग्यावरचा आतापर्यंतचा सगळ्यात कामाचा प्रतिसाद, मनापासून सांगतोय. जोसेफ लेडू या मेंदूवाल्याने नेमकं हेच मांडलंय, उदाहरणसुद्धा काठी आणि सापाचं. डोळ्याकडून आलेली माहिती मधल्या एका स्टेशनवरून, थॅलॅमसवरून, दोन वाटांनी जाते. एक आडवाट थेट मेंदूच्या आतल्या अमिग्डाला नावाच्या भागाकडे, घाईची आणि ढोबळ. दुसरी मेंदूच्या बाह्यपटलावरून वळसा घालून, सावकाश आणि नीट तपासत. आडवाटेने "लांबडं! मागे हो!" एवढंच पोचतं, पाईप की साप हे हमरस्त्याने मागाहून. काठीला साप समजून उडी मारली तर कपडे चिखलात जातात, सापाला काठी समजलं तर माणूस जातो, त्यामुळे आडवाट बंद करणं परवडत नाही.

यात एक पाचर आहे. लेडू स्वतःच पुढे म्हणायला लागला की अमिग्डालाला "भीतीचं केंद्र" म्हणू नका. तिथे धोका ओळखून शरीराला कामाला लावलं जातं, पण "मला भीती वाटतेय" हा अनुभव तयार व्हायला बाह्यपटल लागतंच. म्हणजे ताईंची उडी ही भीती होती की नुसती उडी, इथे परत भांडण.

रात्रपाळी
आयसीयूत काम करते, वाचनमात्र असते पण अमिग्डाला आली म्हणून लिहितेय. एसएम या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी एक अमेरिकन बाई आहे, एका दुर्मिळ आजारात तिच्या दोन्ही बाजूंचे अमिग्डाला गेले. तिला साप-कोळी विकायच्या दुकानात नेलं तर ही घाबरायची सोडून हात लावायला पुढे. पण २०१३ मध्ये छापून आलेल्या प्रयोगात तिला मास्कमधून कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा हुंगायला दिली तर चक्क घाबरून मास्क ओरबाडायला लागली! म्हणजे बाहेरच्या धोक्याची घंटा गेलेली, आत श्वास कोंडल्याची शाबूत. आमच्याकडे दमवाले पेशंट असे घाबरतात, त्यांना "काळजी करू नका" हजारदा सांगा, ऑक्सिजन वर येईपर्यंत काही ऐकू जात नाही. तिथे विचाराने भावना बदला वगैरे मला सांगू नका कोणी.

भाषेची_आवड
मंडळी इंग्लिश पुस्तकं कशाला, मराठीतच बघा ना. आपण "मला भीती वाटते" म्हणतो आणि "मला वाटतं उद्या पाऊस येईल" असंही म्हणतो. एकच क्रियापद, वाटणे! एकीकडे भावना, दुसरीकडे अंदाज, आणि आपल्याला कधी खटकत नाही. पण सगळ्या भावना वाटत नाहीत बरं का. भीती वाटते, लाज वाटते, हेवा वाटतो, पण राग "येतो", रडू "येतं" किंवा "फुटतं", चिडचिड "होते". शिंक येते तसा राग येतो, आपण आपले नुसतं घर उघडून बसलेले. "मी रागावले" म्हणजे जबाबदारी माझी, "मला राग आला" म्हणजे तो आपणहून आला, मी काय करू. आणि शरीराचं तर विचारूच नका, पोटात गोळा येतो, काळजात धस्स होतं, तळपायाची आग मस्तकात जाते. जेम्सला मराठी यायला हवं होतं.

निवांत_बसलोय
मराठी गौरव जरा आवरता घ्या, हिंदीतही "डर लगता है" आणि "मुझे लगता है" एकच आहे.

माड_आणि_फेणी
आमच्या कोंकणीत त्याहून मजा. "म्हाका अशें दिसता" म्हणजे मला असं वाटतं, आणि "म्हाका भंय दिसता" म्हणजे मला भीती वाटते. गोव्यात भीतीसुद्धा दिसते. ताईंना तर खरोखरच दिसली की!

खडूफळा
वा, हा "वाटणे"चा मुद्दा वर्गात शिकवताना मला कधी सुचला नाही, फार हळहळ वाटली. (हळहळही वाटतेच.) कारण १९८० च्या दशकात यावरच तर मोठं भांडण झालं. रॉबर्ट झायन्स, स्पेलिंग भयंकर पण उच्चार सायन्सशी यमक जुळवणारा, म्हणाला की आवडनिवड विचाराच्या आधी येऊ शकते. त्याने लोकांना वेडेवाकडे अष्टकोन सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते दाखवले. नंतर विचारलं यातले कुठले आधी बघितले होते, तर उत्तरं नाणेफेकीइतकीच बरोबर. पण यातला आवडतो कुठला विचारलं तर साधारण साठ टक्के वेळा आधी दाखवलेलाच. ओळख नाही आणि आवड मात्र आहे. रिचर्ड लॅझरस उलट टोकाला, म्हणायचा अर्थ लावल्याशिवाय भावना नाहीच, फक्त तो अर्थ लावणं क्षणात आणि नकळत होतं. त्याने १९६० च्या दशकात एकच अंगावर येणारी फिल्म वेगवेगळ्या निवेदनांसह दाखवली होती. वेदना रंगवून सांगणारं निवेदन असलं की बघणाऱ्यांच्या तळहाताला घाम जास्त, तटस्थ अभ्यासाच्या सुरात सांगितलं की कमी. चित्रं तीच, अर्थ वेगळा, शरीरही वेगळं वागलं.

मला विचाराल तर दोघं "विचार" हा शब्द वेगवेगळ्या मापाने मोजत होते. झायन्सचा विचार म्हणजे पाटीवर लिहिता येईल असा, लॅझरसचा म्हणजे मांजर उंदराकडे बघून करतं तोसुद्धा. "वाटणे" ते माप ठरवायचं टाळतं, म्हणून मराठीत हे भांडण झालं नसतं.

देशस्थ_मळा
गीतेत दुसऱ्या अध्यायात हे सगळं आलंय. विषयांचं चिंतन, त्यातून संग, मग काम, क्रोध, संमोह, स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश.

शंकासुर
आलंच "आपल्याकडे सगळं आधीच होतं". पण तरी, नीट बघितलं तर त्या साखळीचं पहिलं टोक लॅझरससारखं आहे, चिंतनातून राग. आणि शेवटी रागाने आठवण आणि बुद्धी जाते, म्हणजे गाडी उलट दिशेनेही धावते. हे मान्य करायला मला त्रास होतोय.

देशस्थ_मळा
त्रास "होतो" हेही नोंदवून घ्या, भाषेची_आवड.

साखरपेरणी
इथे सगळे असं बोलतायत की भावना आली आणि विचाराच्या कामात लुडबुड केली. माझ्या काकांचं उलटं झालं. मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ काढली, ऑपरेशन व्यवस्थित. बँकेत होते, अजूनही तोंडी गुणाकार करतात, पेपर वाचून राजकारणावर बोलतात. पण भाजी आणायला गेले की तासभर येत नाहीत. भेंडी घ्यावी की गवार, दोन्हीचे फायदे तोटे मनातल्या मनात, आणि ठरतच नाही. दुसरीकडे कोणीतरी फोनवर स्कीम सांगितली त्यात पैसे घातले, बुडाले, पुन्हा घातले. काकूने रडून सांगितलं तर म्हणाले "बरोबर आहे तुझं", आणि चेहऱ्यावर काही नाही. आधी हा माणूस चिडका होता हो, आता चिडतसुद्धा नाही. काकू म्हणते चिडायचे तेव्हा बरे होते.

डॉक्टरांनी सांगितलं की दामासिओ नावाच्या न्यूरॉलॉजिस्टकडे एलियट म्हणून असाच एक पेशंट होता, गाठही साधारण तिथलीच. बुद्धीच्या चाचण्या उत्तम, पण कागदपत्रं कुठल्या पद्धतीने लावायची यावर अख्खी दुपार खल करायचा. दामासिओचं म्हणणं, एखाद्या पर्यायाबद्दल पोटात जे बारीकसं बरं किंवा वाईट वाटतं तेच शंभरातले नव्वद पर्याय झटकन बाद करतं. ते वाटणं गेलं की सगळे पर्याय सारख्याच वजनाचे. गवार भेंडीएवढीच.

अक्काबाईचा_फेरा
@साखरपेरणी, वाचून गप्प झाले. काकूंना सांभाळा.

रात्रपाळी
अशा पेशंटच्या घरचे बऱ्याचदा समजतात की माणूस मुद्दाम निष्ठुर वागतोय. डॉक्टरांशी एकदा काकूंचंही स्वतंत्र बोलणं करून द्या.

बुद्धिनिष्ठ
उशिरा आलोय. कोणी अजून अल्बर्ट एलिस या मानसोपचारतज्ज्ञाचं नाव घेतलं नाही याचं नवल वाटलं. घटना, तिच्याबद्दलचा आपला समज आणि मग परिणाम, हे त्याने १९५० च्या दशकात मांडलं, आणि किशोर फडके सरांनी ते विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून आपल्याकडे रुजवलं. पाईप वाटेत पडला ही घटना. "नवऱ्याने नीटनेटकं असलंच पाहिजे" हा "च" तुमचा. तो च काढा, राग राहणार नाही, नापसंती राहील.

रात्रपाळी
@बुद्धिनिष्ठ, माझा वरचा प्रतिसाद वाचलात का? श्वास कोंडलेल्याचा च कुठे असतो?

बुद्धिनिष्ठ
वाचला. मी उडीबद्दल बोलतच नाहीये, उडी शरीराची. नंतरच्या अर्ध्या तासाबद्दल बोलतोय. धडधड दहा मिनिटांत ओसरली असेल, गॅसचं बिल डोक्याने आणलं.

तिसरी_घंटा
मी थोडं वेगळं सांगते. बाबांचा रिपोर्ट ऐकायला आई आणि मी गेलो होतो. आईसमोर रडायचं नाही असं ठरवून गेले होते आणि नाही रडले. चेहरा दगडासारखा. बाहेर आल्यावर आईने विचारलं काय म्हणाले डॉक्टर, तर मला एक अक्षर आठवेना. किती केमो, कधीपासून, काही नाही. आई जी आत घळाघळा रडत होती तिलाच सगळं आठवत होतं, तारखांसकट. मला तेव्हा फार अपराधी वाटलं, इतकी शिकलेली मी. पुढे कळलं की ग्रॉस आणि रिचर्ड्स यांचं यावर २००० साली काम आहे, भावना चेहऱ्यावर येऊ न देण्यात डोकं एवढं गुंततं की समोर चाललेलं बोलणं नीट साठवलंच जात नाही.

खडूफळा
@तिसरी_घंटा, यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही. बाबा कसे आहेत?

तिसरी_घंटा
बरे आहेत सर. तीन वर्षं झाली. रोज मॅच बघून अंपायरला शिव्या देतात.

निवांत_बसलोय
पाईप किती इंची ते शेवटपर्यंत कळलं नाही.

ओटीवरची
एक इंची, काळा. झालं समाधान?

सगळ्यांचे आभार. आता एक कबुली. बुद्धिनिष्ठ यांचा च वाचून आधी डोकं फिरलं, मग काल नवऱ्याला नीट विचारलं की त्या दिवशी नक्की काय झालं. तो म्हणाला, तू आधी मागे उडालीस, मग कपडे पडले, आणि "साप साप" त्यानंतर ओरडलीस. फुरसं हा शब्द तू घरात येऊन आईला सांगताना पहिल्यांदा वापरलास. म्हणजे करवंदाची_जाळी यांना पूर्ण मार्क. आणि दुसरं, जे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं कारण मलाच आठवत नव्हतं, की मी चिखलात उभी असताना तो ओटीवरून हसला होता, आणि सासूबाईपण हसल्या होत्या. पाईपाचं नुसतं निमित्त झालं, मला ते हसणं झोंबलं होतं. सरांची उरलेली धडधड होतीच, पण तिने निखारा बरोब्बर निवडून घेतला.

तर पाईप आता गुंडाळून मागच्या पडवीत खुंटीला टांगलाय. मी स्वतः टांगलाय. काल तिन्हीसांजेला पडवीत गेले आणि खुंटीकडे बघून परत दचकले.